कपाळावरची पट्टी: भूल देताना मेंदूच्या लहरी बघणं खरंच गरजेचं आहे का?

उंबरठा | सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. बाबांचं (वय ७४) याच आठवड्यात कमरेच्या मणक्यांचं ऑपरेशन आहे. चार-पाच तास लागतील म्हणालेत. आज भूलतज्ज्ञांची भेट झाली. बाईंनी रक्तदाब, दमा, कवळी, आधीची ऑपरेशनं असं सगळं नीट विचारलं आणि उठता उठता म्हणाल्या, "कपाळावर एक चिकटपट्टी लावणार आहोत. मेंदूच्या लहरी बघत भूल देऊ." मी मान डोलावून बाहेर आलो आणि मग प्रश्न पडायला लागले.

म्हणजे एरवी न बघताच देतात की काय?

विचारण्याचं कारण वेगळं आहे. सहा वर्षांपूर्वी आईचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं, पण नंतरचे चार दिवस आई आमच्यात नव्हती. मला तिचा भाऊ समजून बोलायची, सलाइन ओढायची, रात्री तिला भिंतीवर मुंग्या दिसायच्या. पाचव्या दिवशी ताळ्यावर आली खरी, पण पूर्वीसारखी व्हायला दोन-तीन महिने गेले. "वयामुळे होतं" एवढंच उत्तर मिळालं. बाबांच्या बाबतीत तेच पुन्हा नको आहे. ही पट्टी त्यासाठी असते का? तिने फरक पडतो, की बिलातलं आणखी एक कलम? जाणकारांनी सांगावं. अनुभवही चालतील.

टवाळ | सोमवार, रात्री ९:५०

न बघताच देतात. चूक सर्जनची, भूल भूलतज्ज्ञाची, द्यावी घ्यावी.

मृण्मयी | सोमवार, रात्री १०:०५

टवाळ, तुम्हाला कुठे काय बोलावं कळत नाही.

उंबरठा, माझ्या सासूबाईंना खुब्याच्या ऑपरेशनला ही पट्टी होती. उतरल्यावर कपाळावर दोन दिवस चार लाल ठिपके होते, बाकी काही नाही. नंतर भ्रम वगैरे झाला नाही. पण त्यांना कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केला होता आणि वर थोडं गुंगीचं औषध, त्यामुळे तुलना कितपत होईल माहीत नाही. गुंगीताई इथे असतात, त्या सांगतील.

गुंगी | सोमवार, रात्री ११:२०

मृण्मयीने नाव घेतलं म्हणून आले. १८ वर्षं भूल देते आहे. जरा लांबण लागेल.

"एरवी न बघताच देतात का" हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. आम्ही नाडी बघतो, रक्तदाब बघतो, रक्तातला ऑक्सिजन, श्वासातून बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड, भुलीचा वायू असेल तर त्याचं उच्छ्वासातलं प्रमाण. म्हणजे हृदय, फुप्फुसं सगळं बघतो. ज्या अवयवासाठी औषध देतो, तो मेंदू तेवढा राहतो. त्याची अवस्था इतर गोष्टींवरून ताडायची.

वायूचं प्रमाण मोजायचं आमचं माप म्हणजे मॅक. एक मॅक म्हणजे ज्या प्रमाणाला त्वचेवर चिरा दिला तरी निम्मे रुग्ण हलत नाहीत. चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी ते साधारण सहा टक्क्यांनी उतरतं, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला कमी वायू पुरतो. पण यात एक मेख आहे. चिऱ्याला हलायचं की नाही हे मुख्यतः मज्जारज्जूत ठरतं, मेंदूत नाही. म्हणजे आमचं लाडकं माप बरंचसं पाठीच्या कण्याचं माप आहे.

आता तुमच्या बाबांचं. मणक्याच्या ऑपरेशनात पायाकडे जाणाऱ्या नसा शाबूत आहेत ना हे बघायला बऱ्याचदा मेंदूला बाहेरून विजेचा हलका झटका देऊन पायाच्या स्नायूत संदेश पोचतो का ते तपासतात. भुलीच्या वायूने तो संदेश दबतो. म्हणून वायू टाळून प्रोपोफॉल नावाचं भुलीचं औषध शिरेतून पंपाने देतात. प्रोपोफॉलचं प्रमाण वायूसारखं उच्छ्वासात मोजून पडद्यावर दिसत नाही. पंपातला संगणक वय, वजन, उंचीवरून रक्तात किती असेल याचा अंदाज बांधतो, आणि तो सरासरी माणसाचा अंदाज असतो. त्यात सुई शिरेतून निसटली तर पंप खुशाल सांगत राहतो की औषध चाललंय. अशा वेळी पट्टीला जोडलेल्या यंत्राच्या आकड्यावरून मेंदू काय म्हणतो ते बघणं मला तरी चैन वाटत नाही. तुमच्या डॉक्टरांनी पट्टी बहुधा यासाठीच सांगितली असेल. त्यांना विचारा.

आईंना जे झालं त्याला डेलिरियम म्हणतात. त्यावर उद्या लिहिते, आता डोळे मिटतायत.

टवाळ | सोमवार, रात्री ११:२४

डोळे मिटतायत म्हणजे आकडा किती?

शंकेखोर | मंगळवार, सकाळी ८:१०

गुंगीताईंबद्दल आदर आहे, पण दुसरी बाजूही यावी. हे यंत्र आलं तेव्हा त्याचा मोठा गाजावाजा 'ऑपरेशनमध्ये जाग येणं टळेल' यासाठी झाला. २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेली चाचणी आली. जाग येण्याचा धोका जास्त असलेले जवळपास अडीच हजार रुग्ण. यंत्र लावलेल्यांत २ जणांना जाग आली, न लावलेल्यांत ११ जणांना. सगळे खूश. मग २००८ साली अमेरिकेतल्या सेंट लुइसची चाचणी आली, २,००० रुग्ण. यात यंत्राची तुलना वायूच्या साध्या अलार्मशी केली: उच्छ्वासातलं प्रमाण ठरल्याखाली गेलं की भोंगा. निकाल २ विरुद्ध २. मग त्याच मंडळींनी २०११ साली सुमारे ६,००० रुग्णांवर तेच केलं. यंत्राच्या गटात ७ जणांना नक्की जाग आलेली, भोंग्याच्या गटात २. म्हणजे आधीपासून मशीनला असलेला भोंगा निदान हरला तरी नाही. पट्टी मात्र एकदा वापरायची आणि फेकायची, दर रुग्णाला नवी. फायदा कोणाचा ते ज्याचं त्याने ठरवावं.

चकवा | मंगळवार, सकाळी ८:३१

+१. मुद्द्याचं बोललात.

गुंगी | मंगळवार, दुपारी २:१५

शंकेखोर, तिन्ही निकाल बरोबर सांगितलेत. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या चाचणीत सगळ्यांना वायू होता, आणि भोंगा वायूलाच असतो. प्रोपोफॉलवरच्या माणसासाठी तसा भोंगा नाही. म्हणूनच ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा की, शिरेतून भूल आणि सोबत स्नायू शिथिल करणारं औषध असेल तर मेंदूलहरी बघाव्यात. वायू असेल, रुग्ण तरुण, ऑपरेशन अर्ध्या तासाचं, तर मीही दर वेळी लावत नाही.

रेघोट्या | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

मी डॉक्टर नाही. सिग्नल प्रोसेसिंगवर पोट भरतो, त्यामुळे आकडा कसा तयार होतो ते सांगू शकतो.

जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा मेंदूची विद्युत लहर टिपली आणि १९२९ साली छापली. १९३७ पर्यंत गिब्ज आणि सहकाऱ्यांनी लिहूनही ठेवलं की भुलीची खोली मोजायला हे वापरता येईल. म्हणजे कल्पना नवी नाही, ऑपरेशनच्या धबडग्यात लहरी वाचणार कोण हा प्रश्न होता. त्यावर उपाय म्हणून १९९० च्या दशकात आकडा आला. शून्य ते शंभर. पूर्ण जागा माणूस नव्वदीच्या पुढे, मोठ्या ऑपरेशनची भूल ४० ते ६०, आणि शून्य म्हणजे सपाट रेघ.

आता गंमत. कवटीबाहेर मिळणारा हा सिग्नल मायक्रोव्होल्टमधला, हृदयाच्या आलेखाच्या मानाने कितीतरी क्षीण. कपाळाचा स्नायू जरा आक्रसला तरी त्याची वीज यात मिसळते. सर्जनने रक्त थांबवायला विजेची कांडी लावली की सगळं चित्र पांढरं. यंत्र काही सेकंदांचे तुकडे घेतं, त्यात कुठल्या वारंवारतेला किती जोर आहे ते काढतं, खराब तुकडे टाकतं, उरलेल्यांची सरासरी करतं आणि मग आकडा देतं. म्हणजे तो आकडा निदान पंधरा-तीस सेकंद शिळा असतो. सूत्र कंपनीचं, सगळं उघड नाही. आणि एकच आकडा वेगवेगळ्या लहरींतून येऊ शकतो.

सगळ्यात झोप उडवणारा प्रयोग २०१५ साली छापून आला. १० स्वयंसेवक, सगळे भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, पूर्ण जागे. भूल अजिबात दिली नाही, फक्त स्नायू शिथिल करणारं औषध दिलं. माणूस आतून टक्क जागा, आणि आकडा उतरायला लागला. एकाचा तर ४४ पर्यंत. यंत्राच्या मते तो ऑपरेशनला तयार होता.

म्हणून मी आकड्यापेक्षा चित्राच्या बाजूचा. नव्या यंत्रांत रंगीत पट दिसतो. आडवा वेळ, उभी वारंवारता, रंग म्हणजे जोर. प्रोपोफॉलने माणूस नीट बेशुद्ध असला की तळाशी जाड लाल पट्टा दिसतो, संथ मोठ्या लहरींचा, आणि त्याच्या वर दहा हर्ट्झच्या आसपास दुसरा, बारीक. एकदा बघितलात की लहान मूलही ओळखेल.

शंकेखोर | मंगळवार, संध्याकाळी ७:०२

म्हणजे मी म्हणतो तेच तुम्ही लांबवून म्हणालात.

रेघोट्या | मंगळवार, संध्याकाळी ७:०९

नाही. तुम्ही म्हणता आरसा फेकून द्या. मी म्हणतो आरशाखालचा भविष्याचा आकडा वाचू नका, आरशात बघा.

गुंगी | मंगळवार, रात्री ९:३०

रेघोट्या, दंडवत. "लहान मूलही ओळखेल" हे सोडून सगळं मान्य. म्हाताऱ्या माणसात तो वरचा पट्टा फिका पडतो, कधी दिसतच नाही. तान्ह्या बाळात साधारण तीन-चार महिन्यांपर्यंत तो तयारच झालेला नसतो. आणि केटामिन हे भुलीचं दुसरं औषध दिलं की लहरी वेगवान होतात, आकडा वर चढतो, माणूस मात्र खोल असतो. तेव्हा आकड्याकडे बघून जास्त औषध ओतणारा फसला. कुठलं औषध दिलंय हे माहीत असल्याशिवाय चित्रही वाचता येत नाही.

आणखी एक चित्र सांगायचं राहिलं. भूल फार खोल गेली की लहर मध्ये मध्ये चक्क सपाट होते आणि एकदम उसळी मारते, पुन्हा सपाट. बर्स्ट सप्रेशन म्हणतात. वयस्क मेंदूत हे तरुणाच्या मानाने थोड्या औषधातही येतं. नाडी, रक्तदाब छान असतात आणि मेंदू काही सेकंद गप्प. पट्टी नसेल तर ते कोणाला कळणारही नाही.

जुना_बोका | मंगळवार, रात्री १०:१२

मी या धंद्यात ३४ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. आमच्या वेळी बोटं नाडीवर, नजर बाहुलीवर आणि कान श्वासाच्या पिशवीकडे. रुग्ण घामेजला, डोळ्यात पाणी आलं, नाडी चढली, की हात आपोआप औषधाकडे जायचा. हल्लीची पोरं रुग्णाकडे पाठ करून पडदे बघतात. पट्टी लावा, हरकत नाही, पण रुग्णाला हात लावा हो.

गुंगी | मंगळवार, रात्री १०:४०

बोकाकाका, हात लावण्याबद्दल शंभर टक्के. पण तुमची ती लक्षणं मूळची इथर हुंगवून भूल द्यायच्या जमान्यातली. ग्वेडेल या अमेरिकन भूलतज्ज्ञाने भुलीच्या पायऱ्या मांडल्या त्या श्वासाची लय, डोळ्यांची हालचाल, बाहुली, स्नायूंचा ताठरपणा यांवर. तेव्हा रुग्ण स्वतःचा श्वास स्वतः घेत होता. १९४२ साली माँट्रियलला ग्रिफिथने ऑपरेशनमध्ये क्युरारे वापरलं आणि स्नायू शिथिल करायची सोय झाली. सर्जनला स्वर्ग मिळाला, पण रुग्णाला 'मी जागा आहे' हे सांगायला हालचालीची सोय उरली नाही. उरली नाडी आणि घाम, तर रक्तदाबाची गोळी नाडी चढू देत नाही आणि फेंटानिल हे वेदनाशामक उरलंसुरलं झाकतं.

जुना_बोका | मंगळवार, रात्री १०:५५

हे खरं. त्यावर १९७७ साली टनस्टॉलने काढलेली युक्ती सांगतो, म्हणजे पोरांना कळेल की बिनयंत्राचंही चालतं. स्नायूंचं औषध द्यायच्या आधी एका हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधून फुगवायचा, म्हणजे औषध त्या हातात पोचत नाही. मग मधून मधून कानात सांगायचं, "ऐकू येत असेल तर माझा हात दाबा."

टवाळ | मंगळवार, रात्री १०:५८

आणि दाबला तर??

जुना_बोका | मंगळवार, रात्री ११:०१

तर टवाळासारखी विनोदी माणसंही गंभीर होतात. दाबतात लोक. बहुतेकांना नंतर त्यातलं काही आठवत नाही, ते वेगळं.

कावेरी१२ | बुधवार, पहाटे ५:२०

लिहू की नको असं करत रात्रभर धागा वाचला.

माझं पहिलं सिझेरियन घाईत झालं. बाळाचे ठोके पडत होते, कमरेतल्या इंजेक्शनला वेळ नव्हता म्हणून पूर्ण भूल दिली. मला जाग आली. घशात काहीतरी जाड, आणि पोटात ओढाताण. दुखत होतं का? होतं, पण त्याहून भयंकर म्हणजे बोट हलत नव्हतं, पापणी हलत नव्हती. कोणीतरी सुट्टीवर कुठे जायचं ते बोलत होतं. "दोरा" असा आवाज आला. मला वाटलं मी मेले आहे आणि मेल्यावर असंच ऐकू येत राहतं. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग पुन्हा काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी हे सांगितलं तर हसून म्हणाले, गुंगीत असं वाटतं, बाळाकडे बघा. कितीतरी वर्षं मी दिवा लावून झोपायचे. उताणी झोपूच शकायचे नाही.

नंतर पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. भुलीच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढली, पंधरा-वीस मिनिटं ऐकलं, मध्ये एकदाही "वाटतं" हा शब्द वापरला नाही. पट्टी लावू म्हणाल्या. ती पट्टी किती शास्त्रीय आहे मला माहीत नाही. मी त्या दिवशी टेबलावर चढू शकले, एवढं तिच्यामुळे झालं.

प्रामाणिक | बुधवार, सकाळी ९:०५

कावेरी, वाईट वाटलं वाचून. पण शक्यता म्हणून सांगतो, भूल उतरताना स्वप्नं पडतात, तसं नसेल कशावरून? मेंदू नंतर गोष्ट रचतो.

गुंगी | बुधवार, सकाळी ९:४८

प्रामाणिक, हेच ते वाक्य, कृपया नको. स्वप्नं पडतात हे खरं. पण संभाषण, 'दोरा', हलता न येणं, घशातली नळी हे वर्णन पुस्तकातल्यासारखं आहे, आणि सिझेरियन हीच या गोष्टीची सगळ्यात धोक्याची जागा. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये राष्ट्रीय पातळीवर याची मोठी पाहणी झाली, अहवाल २०१४ चा. रुग्णांनी स्वतःहून सांगितलेल्या घटना धरल्या तर पूर्ण भुलीत साधारण १९,००० मागे एक. स्नायूंचं औषध दिलेल्यांत ८,००० मागे एक, न दिलेल्यांत १,३६,००० मागे एक. आणि पूर्ण भुलीखालच्या सिझेरियनमध्ये ६७० मागे एक. घाई असते, वेळ कमी असतो, शिरेतलं औषध उतरायला लागलेलं असतं आणि वायू अजून पुरेसा चढलेला नसतो, तेवढ्यात चिरा दिला जातो. पट्टीने ही फट पूर्ण बुजत नाही, कारण आकडा शिळा असतो हे रेघोट्यांनी सांगितलंच. आणि प्रत्येकाला मुद्दाम विचारत गेलं तर प्रमाण याहून बरंच जास्त, हजारी एक-दोन इतकं निघतं, कारण स्वतःहून सगळे सांगत नाहीत. कावेरीला जसं हसून वाटेला लावलं तसं लावलं तर का सांगतील?

कावेरी, पुढे कधीही ऑपरेशन असेल तर हे सगळ्यात आधी सांगायचं. जितक्या ठामपणे इथे लिहिलंत तितक्याच.

प्रामाणिक | बुधवार, सकाळी १०:१५

माफ करा कावेरी. मागे घेतो.

शंकेखोर | बुधवार, सकाळी १०:३०

माझा पहिला प्रतिसाद तसाच ठेवतो, पण त्यातल्या २ आणि ७ या आकड्यांमागे एकेक कावेरी आहे हे लिहिताना डोक्यात नव्हतं.

शब्दवेडी | बुधवार, दुपारी १२:४०

अवांतर: वैद्यकीय परिभाषेत याला बधिरीकरण म्हणतात, तो शब्द फार तर दाढ काढायला ठीक. 'भूल' किती नेमका! रानभूल, चांदभूल, भूल पडणे... वाट होती तिथेच असते, आपल्याला दिसत नाही. आणि परत आल्यावर मधला वेळ गायब. मग डॉक्टर मुलांना "आता झोप येईल हं" का सांगतात?

गुंगी | बुधवार, दुपारी १:२०

कारण "आता तुला कोमात टाकते हं" म्हटलं तर मूल टेबलावरून पळेल. खरं तर ही झोप नाहीच. झोपलेल्याला हलवलं की तो उठतो. ही औषधाने आणलेली आणि औषध थांबवल्यावर परत फिरवता येणारी कोमासारखी अवस्था. लहरींतही झोपेच्या रात्रभर पायऱ्या बदलत राहतात, भुलीत मात्र औषध तेच ठेवलं तर चित्र बरंचसं एकसारखं राहतं.

निरागस_बाप | बुधवार, दुपारी ३:०५

मुलांचा विषय निघाला म्हणून. आमच्या तीन वर्षांच्या चिरंजीवांचं टॉन्सिलचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर येताना अर्धा तास असा थयथयाट की तिघांना आवरेना. आईला ओळखेना. मग एकदम शांत, जणू काही झालंच नाही. हेही पट्टीने टळतं का?

गुंगी | बुधवार, रात्री ८:५०

याला उठतानाचा डेलिरियम म्हणतात. सेवोफ्लुरेन वायू घेतलेल्या लहान मुलांत सर्रास दिसतो. २०२५ साली जपानमधली एक चाचणी आली, १ ते ६ वयाची १७७ मुलं. एका गटात नेहमीप्रमाणे ठरावीक प्रमाणात वायू, दुसऱ्यात लहरी बघून लागेल तेवढाच. दुसऱ्या गटात वायू बराच कमी लागला, मुलं लवकर जागी झाली आणि थयथयाट ३५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आला. म्हणजे पाचातलं एक मूल तरीही दंगा घालतंच. छोटी चाचणी आहे, पण मला आवडली, कारण त्यांनी आकड्याच्या मागे न लागता लहर वाचली.

मृण्मयी | बुधवार, रात्री ९:१०

अहो, उंबरठांचा मूळ प्रश्न वृद्धांच्या भ्रमाचा होता. धागा कुठल्या कुठे गेला.

उंबरठा | बुधवार, रात्री ९:२२

मी वाचतोय सगळं. कावेरीताईंचं वाचून काय लिहावं सुचलं नाही. पण हो, उद्या बाबांना दाखल करायचंय.

गुंगी | बुधवार, रात्री १०:४५

सोमवारी लिहिते म्हणून झोपले, तर आता.

हाँगकाँगची २०१३ ची चाचणी: ९२१ वयस्क रुग्ण, लहरी बघून दिलेल्या भुलीत डेलिरियम १५.६ टक्के, नेहमीच्या पद्धतीत २४.१. भारीच. मग २०१९ ची अमेरिकेतली: ६० वर्षांवरचे १,२३२ रुग्ण, २६ विरुद्ध २३ टक्के. म्हणजे फरक नाही, उलट यंत्राचा गट किंचित वरच. २०२४ ची कॅनडातली, हृदयाच्या ऑपरेशनची, १,१४० रुग्ण: दोन्हीकडे १८ च्या आसपास. शंकेखोर लिहायच्या आत मीच लिहिते: पट्टी लावली म्हणजे भ्रम टळला, असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही.

पण मला या चाचण्यांत एक गोष्ट खुपते. हाँगकाँगमध्ये दोन गटांच्या सरासरी आकड्यात खरंच अंतर होतं, एकीकडे ५३, दुसरीकडे ३६. अमेरिकेतल्या चाचणीत वायूचं प्रमाण एका गटात ०.६९ मॅक आणि दुसऱ्यात ०.८०, म्हणजे फारसं वेगळं नाहीच. पट्टी नुसती लावून उपयोग काय, तिच्याकडे बघून हात आवरला पाहिजे. वयस्कांत मुद्दाम ५० आणि ३५ आकडा राखून तुलना केलेली आणखी एक मोठी चाचणी आहे. वर्षभरातल्या मृत्यूंत फरक पडला नाही, पण तिच्यातल्या पाचशेच्या आसपास रुग्णांचा डेलिरियम तपासला तर हलक्या भुलीत १९ टक्के आणि खोल भुलीत २८. दुसरं असंही असू शकतं की ज्या मेंदूत लहर लवकर सपाट होते तो मुळातच नाजूक असतो, आणि त्याला भ्रम होणारच असतो. तसं असेल तर पट्टी इलाज नव्हे, इशारा म्हणायची. मी वयस्कांना लावते ती या इशाऱ्यासाठी.

आणि उंबरठा, तुमच्या हातात पट्टीपेक्षा मोठ्या गोष्टी आहेत. शुद्धीवर आल्या आल्या चष्मा आणि कानाचं यंत्र द्या, कपाटात कुलपात नको. समोर दिसेल असं घड्याळ. पहिल्या दोन रात्री ओळखीचं माणूस जवळ. दुखत असेल तर सांगायला लावा, दुखणं सोसल्यानेही भ्रम होतो. लघवी तुंबली नाही ना, पोट साफ झालं का, हे विचारत राहा. घरी झोपेची गोळी किंवा रोजचं मद्य असेल तर लाजू नका, आधीच सांगा. आणि आईंना काय झालं होतं ते भूलतज्ज्ञांना सांगितलंत का? रक्ताचं नातं बाबांशी नाही, पण तुमची धास्ती त्यांना कळायला हवी.

चकवा | बुधवार, रात्री ११:००

वाचनखूण साठवली. बाकी माझ्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना ही पट्टी लावावी अशी सूचना करतो. चाळीस ते साठमध्ये नक्की असू.

टवाळ | बुधवार, रात्री ११:०३

साहेब बोलत असताना सपाट आणि टाळ्यांच्या वेळी उसळी. ताईंनी नाव सांगितलंय त्याचं.

उंबरठा | पुढचा मंगळवार, रात्री ८:३५

उशीर झाला, माफी. शुक्रवारी ऑपरेशन झालं, साडेपाच तास.

आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांना सगळं विचारलं. गुंगीताई, तुमचा अंदाज बरोबर, नसा तपासायच्या होत्या म्हणून प्रोपोफॉल. शिवाय त्या म्हणाल्या, स्नायूंचं औषध नळी घालताना एकदाच, नंतर नाही, नाहीतर पायाचा संदेशच दिसणार नाही. त्यामुळे कपाळाच्या स्नायूंचा गोंगाट मध्ये येईल, म्हणून आकड्यापेक्षा लहर बघणार. रेघोट्यांची आठवण झाली. ऑपरेशननंतर त्यांनी पटाचा फोटो दाखवला. तळाचा लाल पट्टा मला ओळखता आला. वरचा फिकाच होता, "वय आहे ना" म्हणाल्या. एका ठिकाणी दोन-तीन मिनिटं काळ्या उभ्या चिरा होत्या. तिथे लहर सपाट व्हायला लागली म्हणून औषध कमी केलं म्हणे.

बाबांना शुद्धीवर आल्यावर लगेच चष्मा आणि कानाचं यंत्र दिलं. पहिली रात्र छान. दुसऱ्या रात्री दोन वाजता मला विचारलं, "हे कपाट कोणी हलवलं?" कपाट नव्हतंच. मी घाबरलो. घड्याळ दाखवलं, कुठे आहोत ते सांगितलं, बोलत बसलो. सिस्टर दुखण्याचं औषध देऊन गेल्या. सकाळी ठीक. आईसारखं काही नाही. हे पट्टीमुळे, चष्म्यामुळे की बाबा मुळातच आईपेक्षा दणकट म्हणून, ते मी ठरवू शकत नाही. आईला चार दिवस चष्मा दिलाच नव्हता, हे आत्ता आठवतंय.

मृण्मयी | पुढचा मंगळवार, रात्री ८:५०

बरं वाटलं. काकांना लवकर आराम पडो.

उंबरठा | पुढचा मंगळवार, रात्री ९:०४

एक राहिलं. बाबांना आज हा धागा वाचून दाखवला. सगळं ऐकून विचारतात, "माझा आकडा किती होता?" म्हटलं बहुतेक वेळ ४६-४७. तर म्हणाले, "म्हणजे सेकंड क्लास. मॅट्रिकलाही तेवढाच होता."

गुंगी | पुढचा मंगळवार, रात्री ९:१५

त्यांना सांगा, या परीक्षेत कोणाला डिस्टिंक्शन मिळायला लागलं की पळापळ आमची होते.